न उकळलेला मॅग्नेट

माझी मावशी प्रयोगशाळेत काचसामान धुते. एकोणतीस वर्षांत तिने फ्लास्क, नळ्या आणि आमच्यासारख्यांची घमेंड, सगळंच घासून काढलंय. तिच्या जिभेला हाड नाही. संचालकांनाही ती सुनावते, "वापरलं की विसळून ठेवत जा."

तिच्या घरी राहून, तिच्या हातचा डबा खाऊन मी त्याच प्रयोगशाळेत सहा वर्षं एकच गोष्ट सिद्ध करत होतो: रेणूला हायड्रोजन जोडायला महागडा धातू लागत नाही, बोरॉनचं एक सेंद्रिय संयुग उत्प्रेरक म्हणून पुरतं. प्रबंध देऊन झाला होता. सोमवारी तोंडी परीक्षा, की झाली पदवी. आणि गुरुवारी दूरच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तिथल्या मुलीने माझी कृती अकरा वेळा केली होती, एकदाही जमली नव्हती. 'माझाच हात वाईट असणार,' असं तिने लिहिलं होतं.

मी ते मावशीला हसत वाचून दाखवलं. "दमट हवा लागू दिली असेल. बोरॉन म्हणजे नाजूक प्रकरण."

मावशी हसली नाही. हात पुसत म्हणाली, "तुझा तो मॅग्नेट आण बघू."

फ्लास्कमध्ये गरगर फिरून द्रावण ढवळणारा, बोटाच्या पेराएवढा पांढरा मॅग्नेट. प्रयोग पहिल्यांदा जमला तेव्हा तोच आत होता, आणि असा लागू पडलेला मॅग्नेट आमच्यात कुणी सोडत नाही. बाकीचे मावशी सोनंसुद्धा विरघळवणाऱ्या अम्लराजात उकळायची. माझा मात्र नुसता साबणाने धुवायचा, अशी मीच तिला ताकीद दिली होती.

"या चरीत काळं दिसतंय ना? तुझ्याआधी हा पॅलेडियमवाल्यांकडे होता. साबणाला ते दाद देत नाही."

पॅलेडियम म्हणजे त्या महागड्या धातूंपैकीच एक, आणि हायड्रोजन जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. कणभरही पुरतं.

शुक्रवारी सकाळी दोन फ्लास्क लावले. एकात माझा मॅग्नेट, पण बोरॉन नाही. दुसऱ्यात बोरॉन, पण मॅग्नेट कोरा. मावशी सिंककडे फिरकलीच नाही, स्टुलावर बसून राहिली. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

तीन वाजता नमुने तपासले. पहिल्यात काम फत्ते. दुसऱ्यात शून्य.

माझ्या मार्गदर्शक सरांनी आकडे दोनदा वाचले. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्या तिघांनाच."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. ते काय विचार करताहेत ते मला कळलं, आणि लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

"ती मुलगी आता बाराव्यांदा करेल, सर," मावशी म्हणाली.

मग सरांनी परीक्षकांचा नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. सोमवारची परीक्षा रद्द करा, माझा निष्कर्ष चुकीचा आहे, हे मी सांगितलं.

फोन ठेवून वळलो तर मावशी तोंडाला पदर लावून रडत होती. ही सहा वर्षं तिचीही होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.