गुड फ्रायडेची सुकेळी

रोझलिनच्या क्लिफर्डचं काय करायचं, हे गास गावात रोझलिन सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणे लग्न लावून द्या, कुणी म्हणे नवस बोला, कुणी म्हणे दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या तेव्हा दिल्या नाहीत. रोझलिन ऐकून घ्यायची आणि सल्ला देणाऱ्याला चहा न विचारता वाटेला लावायची.

पोरगा बावीस वर्षांचा, उंचापुरा, डोक्यानं तल्लख. विहिरीवरचा पंप सुटा करून परत जोडायचा, पण तोच पंप चालू केला की बंद करायचा राहायचा आणि केळीच्या वाफ्यांत तळं साचायचं. नारळ आणायला म्हणून बाहेर पडलेला क्लिफर्ड संध्याकाळी निर्मळच्या रस्त्यावर कुणाची तरी बंद पडलेली स्कूटर खोलून बसलेला सापडायचा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी फी भरायची तारीख अशीच निघून गेली. आठवण करून दिली की त्याचा चेहरा उतरायचा, तो अगदी खरा. हा मुद्दाम करत नाही, हे रोझलिन त्या चेहऱ्यावरून ओळखायची. बाकीच्यांना आळस दिसायचा, कारण आळस ओळखायला फार डोकं लागत नाही.

बाकीच्यांत तिचा नवराही होता. बॅप्टिस्ट सर नालासोपाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. साऱ्या गावाच्या पोरांना वळण लावणाऱ्या मास्तरांचा मुलगा असा निघाला, ही बोच त्यांना जेवतानासुद्धा सोडत नसे. त्यांचा चुलतभाऊ जॉन बाहरीनला कामगारांची खानावळ चालवायचा. सत्त्याण्णव साली तो ईस्टरला गावी येणार होता, आणि परत जाताना क्लिफर्डला घेऊन जायचं असं सरांनी मनात पक्कं केलं. तिथं उठता-बसता ओरडणारं कुणी असलं की पोरगा सरळ होईल, असा त्यांचा हिशेब. पासपोर्टही काढून ठेवला.

रोझलिननं या बेताला पहिल्या दिवसापासून विरोध केला. ओरडून सुधारायचा असता तर तुमच्या ओरडण्यानं एव्हाना संत झाला असता, असं ती तोंडावर म्हणाली. पोराकडे नीट बघून तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. वेळ क्लिफर्डच्या डोक्यात टिकत नाही, पण बाहेरून कुणी हाक दिली की तो हातातलं टाकून उठतो. मात्र आईनं दिवसभर हाका मारायच्या म्हणजे तिचाही जीव जाणार आणि त्याचाही.

तिच्या वाडीत राजेळी केळी होती. उन्हाळ्यात ती पिकवून, सोलून मांडवावर वाळत घालायची आणि त्यांची सुकेळी करायची, हे तिच्या सासूपासून चालत आलेलं काम. सकाळी उन्हात पसरायची, संध्याकाळी ओल धरायच्या आत गोळा करून टोपल्यांत झाकायची, असं आठवडाभर. एक संध्याकाळ चुकली की केळी चिकट होतात, आंबतात, मग गुरंही तोंड लावत नाहीत. असलं काम तिनं क्लिफर्डच्या हाती दिलं तेव्हा जावा-नणंदांनी कपाळाला हात लावला. रोझलिननं त्याला इतकंच सांगितलं, की संध्याकाळी चर्चची सातची घंटा झाली की हातात काय असेल ते खाली ठेवायचं आणि मांडवावर चढायचं.

आणि तो चढू लागला. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या त्या दिवसांत घंटेचा पहिला ठोका पडला की क्लिफर्ड पाना खाली टाकून मांडवाकडे धावायचा. रोझलिनला इतका आनंद झाला होता की ती तो लपवायचीसुद्धा नाही. सरांना मात्र त्याचं काही वाटलं नाही. घंटेवर चालायला तो काय लहान मूल आहे, असं त्यांनी विचारलं. तरी तिच्या हट्टापुढे त्यांनी एक कबूल केलं. ईस्टरपर्यंतचा शेवटचा माल नीट उतरला तर बाहरीनचा विषय बंद. नाहीतर तिनं विमानतळापर्यंत तोंड मिटून यायचं.

गुड फ्रायडेला दुपारी सगळं घर चर्चला गेलं. केळी अर्धी वाळली होती, कावळे टपून होते, म्हणून राखणीला क्लिफर्ड मागे राहिला. प्रार्थना झाली, ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघाली, आणि काळोख पडल्यावर नवरा-बायको वाडीत परतली. मांडवावर सारी केळी तशीच पसरलेली. समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्यानं ती ओलसर झाली होती, कडेच्या केळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. मांडवाखाली बल्ब लावून क्लिफर्ड शेजाऱ्याचा फवारणीचा पंप खोलून बसला होता. त्यानं मान वर केली.

"आय, आज घंटा झाली का?"

रोझलिनला तेव्हा कुठं आठवलं. पवित्र गुरुवारच्या मिस्सापासून, म्हणजे संध्याकाळच्या उपासनेपासून, शनिवारच्या जागराच्या मिस्सापर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. प्रभूच्या दुःखात ती मुकी असते, तिच्याऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. गुरुवारी सुकेळी तिनं स्वतःच काढली होती, म्हणून घंटेवाचून काही अडलं नव्हतं. जन्मभर पाळलेली ही रीत आज मात्र घरात कुणाच्याही ध्यानात आली नव्हती.

"झालं," सर म्हणाले. "रविवारी जॉनला सांगून टाकतो."

"सांगा. पण आधी मला सांगा, तुमचा वर्गावरचा तास कधी संपतो?"

"हे काय आता?"

"शिपाई घंटा देतो तेव्हाच ना? एवढे तुम्ही शिकलेले मास्तर, तीस वर्षं दुसऱ्यानं दिलेल्या घंटेवर उठता-बसता, तुम्हाला कुणी लहान मूल म्हणत नाय. माझ्या पोराला दिवसात एक घंटा लागते. ती देवानं आज बंद ठेवली, म्हणून तुम्ही त्याला देशाबाहेर काढणार?"

सरांनी हळू आवाजात ते विचारलं जे इतकी वर्षं दोघांनी टाळलं होतं. आपण दोघं गेल्यावर त्याला घंटा कोण देणार?

"त्या भीतीनं मला झोप लागत नाय," रोझलिन म्हणाली. "पण मला भीती वाटते म्हणून पोरानं परक्याच्या लाथा खायच्या, हे मला मान्य नाय."

क्लिफर्ड एव्हाना मांडवावर चढला होता. मुंग्या झटकून बरी केळी तो टोपलीत भरत होता, खराब झालेली बाजूला टाकत होता. दोघांचं सगळं त्याला ऐकू गेलं होतं. वरूनच तो म्हणाला, "पप्पा, उद्यापण घंटा नाय ना?"

"रात्रीच्या मिस्सापर्यंत नाही."

"मग उद्या सातला मला हाक मारा. आय तेव्हा चर्च सजवायला गेलेली असेल."

रोझलिन जागच्या जागी थांबली. उद्या काय अडेल ते या मुलानं आज ओळखलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. काही बोलायची गरज नव्हती, तरी ती बोलली, कारण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. "ऐकलंत ना, सर?"

"मारीन हाक," सर म्हणाले, आणि खाली पडलेली केळी वेचायला वाकले.

निम्मा माल वाया गेला. ठरल्याप्रमाणे पाहिलं तर रोझलिन हरली होती, आणि तिनं ते अजिबात मान्य केलं नाही. रविवारी जॉन जेवायला आला. वडे-मटण वाढून होतं न होतं तोच त्यानं पोराच्या पासपोर्टचं विचारलं. सरांनी बायकोकडे बघितलं आणि खाली मान घालून वडा मोडला.

"पासपोर्ट कपाटात आहे," रोझलिन म्हणाली. "तो तिथंच राहणार आणि पोरगा वाडीत राहणार. तू जेव."