मामंजींची पाहणी

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सलग चाळीस पावलांहून जास्त चालता येत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कोणाजवळ सरळ शब्दांत कबूल केली नाही. चाळिसाव्या पावलाला ते थांबत, हात पाठीमागे बांधत आणि समोर जे असेल ते निरखू लागत. भिंत असली तर भिंत, गटार असलं तर गटार. श्वास जागेवर आला की मान हलवून पुढे निघत. कोणी विचारलंच, तर "मी थांबत न्हाई, बघतो," हे उत्तर ठरलेलं.

आधी मुंबईत आणि मग चिंचवडला, अशी उभी हयात त्यांनी फौंड्रीत साच्यांच्या वाळूत काढली. निवृत्त होताना कंपनीनं घड्याळ दिलं. वाळू आधीच दिलेली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, की फुफ्फुसात धूळ बसलीय आणि ती आता निघायची नाही. मामंजींनी घरी येऊन आम्हाला सांगितलं, की डॉक्टर जरा सर्दी आहे म्हणाले.

त्यांची ही पाहणी सगळ्यात गाजली ती पिंपरीच्या बाजारात. नगरपालिका नवीनच झालेली, आणि दुकानांचे ओटे हळूहळू रस्त्यावर सरकत चाललेले. अशा दिवसांत खाकी पँट, खिशाला पेन आणि हातात रेक्झिनची पिशवी असा एक माणूस दुकानासमोर उभा राहतो, चकार शब्द काढत नाही आणि ओट्याकडे टक लावून बघत बसतो. दुकानदारानं काय समजावं? बोलायला यांच्यात दमच उरलेला नसे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. एका भांडीवाल्यानं धावत जाऊन स्टूल आणलं, चहा मागवला. मामंजी दहा मिनिटं बसले, चहा प्याले आणि "ठीक आहे" म्हणून उठले. पुढच्या आठवड्यात त्यानं आपला ओटा दोन फूट फोडून घेतला होता. माझ्या नवऱ्याला या प्रकाराची भयंकर लाज वाटे. मला मात्र बरं वाटे, कारण त्या बाजारात मामंजींना बसायला निदान पाच ठिकाणी स्टूल मिळे.

बसचीही तीच तऱ्हा. स्टॉपवर पोचेपर्यंत भाता फुललेला असे, त्यामुळे समोर आलेल्या पहिल्या दोन-तीन गाड्या ते नापास करत. एकीचा ड्रायव्हर नवशिका, दुसरीचं इंजिन बरोबर वाजत नाही. छाती खाली बसली, की मग येणारी गाडी कितीही खटारा असली तरी त्यांना पसंत पडे.

वर्षातला एक प्रवास मात्र त्यांच्या जिवाचा होता. चाकणहून मैलभर आत, एका वाडीत त्यांची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर आक्कानंच त्यांना वाढवलेलं. भाऊबीजेला ते एकदाही चुकले नव्हते. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी केली. माझा नवरा म्हणाला, आक्कालाच इकडे आणू. मामंजी भडकले. भाऊबीजेला भावानं जायचं असतं, असं म्हणाले. खरं दुखणं त्यांनी मला एकटीला सांगितलं. "आक्काला कळलं तर ती म्हणंल, नको येत जाऊस. तिचा शब्द मी आजवर मोडला न्हाई." माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी त्यांच्याबरोबर निघाले.

नाशिक फाट्यावर तीन एसट्या नापास करून आम्ही चौथीनं चाकणला पोचलो. तिथून वाडीचा कच्चा रस्ता. तिसऱ्यांदा दम लागला तेव्हा मामंजी एका विहिरीसमोर उभे राहिले. तिकडेही कारखान्यांसाठी जमिनी जाणार अशी आवई उठलेली होती. बांधावरून एक शेतकरी आला, त्याच्यामागे दोघे सातबारा घेऊन आले. विहीरसुद्धा जाणार का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. मामंजींनी नुसता पंजा वर केला. त्यांना म्हणायचं होतं, जरा थांबा. त्या लोकांनी समजून घेतलं, विहीर वाचली.

हे माझे सासरे आहेत आणि बहिणीकडे निघालेत, असं मी परोपरीनं सांगितलं. श्वास आल्यावर खुद्द मामंजींनीही सांगितलं. "मोठं साहेब असंच म्हणत्यात," असं म्हणून त्यांनी बैलगाडी जुंपली आणि आम्हाला वाडीच्या तोंडाशी आणून सोडलं. तिथून पुढे गाडीत बसायला मामंजी तयार होईनात. आक्कानं बघितलं असतं ना.

अंगणाच्या कडेला लिंबाखाली एक बाज टाकलेली होती. मामंजी तिच्यावर टेकले. खांदे वरखाली होत होते. तेवढ्यात घरातून आक्काची हाक आली, की जरा दम धर, वाती व्हायच्यात अजून. "दर साली हेच," मामंजी मला कसेबसे म्हणाले. "भाऊ येणार म्हाईत असतं, तरी हिची तयारी न्हाई."

मदतीला म्हणून मी आत गेले. पाटाभोवती रांगोळी होती. ताटात निरांजन, वाती, अक्षता, सुपारी, सगळं मांडलेलं होतं. आक्का, म्हणजे आमच्या आत्याबाई, दाराच्या फटीला डोळा लावून उभ्या होत्या.

"आत्याबाई, वाती तर झाल्यात," मी म्हणाले.

"बसू दे त्याला वाईच," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता हाक मारली तर तसाच उठून यील."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?

"चार वर्सं झाली, माझ्या वाती व्हायच्यात," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला बोलू नगंस पोरी. मला कळलंय असं कळलं, तर यायचा न्हाई तो."

मी उगाच निरांजनात तूप सारखं केलं. बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली, आणि मामंजी ताठ मानेनं, शिपायासारखे चालत आत आले. पाटावर बसता बसता त्यांनी बहिणीला उशिरावरून चार शब्द सुनावले. आत्याबाईंनी ते मुकाट्यानं ऐकून घेतले आणि त्यांना ओवाळलं.

त्या माघात मामंजी अंथरुणाला खिळले. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. एकेक शब्दाला थांबत म्हणाले, "आक्कासारखी बहीण मिळायची न्हाई. पण तिला वेळेचं भान न्हाई बघ."

मी म्हणाले, "हो मामंजी. अजिबात नाही."