चार खाटांवर फिरलेली तपकीर

"तुमच्या नाकात एमआरएसए सापडलाय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू. नाकातून बोटांना लागतो, तिथून कॅथेटरमध्ये शिरतो. तुमचा थंडीताप त्याचाच."

कॅथेटर म्हणजे डायलिसिससाठी मानेच्या शिरेत घातलेली नळी. हातावर फिस्च्युला केला होता, म्हणजे पुढे तिथंच सुई टोचता यावी म्हणून शीर आणि धमनी जोडली होती. पण तो तयार व्हायला महिना होता. तोवर नळी गेली तर रक्त धुणार कुठून? माझा जीव थाऱ्यावर राहिना.

नाशिकच्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये सगळ्यांच्या नाकात कापूस फिरवून तपासणी झाली. आम्हाला डायलिसिस लावणाऱ्या शोभा सिस्टरांच्या नाकातही तोच जंतू निघाला. झालं! मी देवळ्याचा कांदेवाला, पहिल्यापासून तोंडाळ. भर वॉर्डात ओरडलो, "हिनंच मला रोग लावला! हिचा हात नाय लागला पाहिजे मला!"

 मग कुणीच सिस्टरांकडून सुई टोचून घेईना. नाकात लावायचं मलम सुरू करून त्यांना रजेवर पाठवलं.

माझी नळी बदलली. व्हॅन्कोमायसिन हे जबर औषध शिरेतून चालू झालं, नाकात मलम. चार-चार तास पडून मी तळमळायचो. दार वाजलं की वाटायचं, आला रिपोर्ट.

आठवड्याने शेजारच्या खाटेवरचे नांदगावचे मास्तर थंडीनं कुडकुडू लागले. तोच जंतू. म्हणाले, "आबा, सिस्टर तर इथं नाहीत. पण तुमची तपकीर मी दर वेळी ओढतो."

खरंच होतं ते. दर डायलिसिसला माझी डबी चार खाटा फिरायची. बोटं डबीत, मग नाकात, पुन्हा डबीत. पाहुणचार म्हणून मीच आग्रह करायचो.

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "कुणाचं कुणाला लागलं, आता कळणार नाही. सिस्टरांना तुमच्याकडूनही लागला असेल. डबी आजपासून बंद."

मास्तर बरे होईपर्यंत मला घास गोड लागला नाही. तुमच्यापैकी कुणी डायलिसिसवर असाल तर हात धुवा, नाकाच्या तपासणीला लाजू नका, आणि माणसावर आळ घेण्याआधी थोडं थांबा. मी थांबलो नाही, त्याची लाज अजून वाटते.

सिस्टर रजेवरून परतल्या, तपासणी स्वच्छ होती. तरी लोक त्यांच्यापुढे सुईसाठी हात करेनात. त्याच दिवशी माझ्या फिस्च्युलाला पहिली सुई टोचायची होती.

"चूक माझी व्हती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "डबी मी फिरवली. पहिली सुई सिस्टरच टोचतील."

त्यांनी हात धुतले. "आधी तुम्हीही धुऊन या, आबा."

सुई एका झटक्यात बसली. मान वळवली, तर शेजारी मास्तर बाही वर सारत होते.