रोकीनामावशींच्या मिरच्यांची माळ

न्यू जर्सीतल्या त्या दुमजली घरात खाली रोकीनामावशी राहायच्या, वर मृणालिनी आणि तिचा नवरा. मावशी इटलीच्या दक्षिणेकडच्या एका डोंगरी गावच्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या, कारखान्यात चाळीस वर्षं कोटांना काजं केली, नवरा गेला. पण बोली गावचीच राहिली. शुद्ध इटालियन बोलणारं कुणी भेटलं की त्या गप्प बसत. इंग्रजी मोडकंतोडकं, मृणालिनीसारखंच. म्हणून तर दोघींचं जमलं. त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या संताच्या पायाशी कुत्रा होता. मृणालिनी त्याला दत्त समजून हात जोडी.

हिवाळ्याच्या तोंडाशी गावाहून धाकटी बहीण फिलोमेना वाळवलेल्या लाल मिरच्यांची माळ पाठवी, लोकरी मोज्यांत दडवून. मिरची तेलात टाकली न टाकली तोच काढायची, नाहीतर काळी पडायची. आपल्या सांडग्या मिरचीसारखी कुरकुरीत, पण गोडसर.

१९८०च्या नोव्हेंबरात एका रविवारी तिकडे भूकंप झाला. गावंच्या गावं गाडली गेली. फोन लागेना. रेडिओवरचं इटालियन मावशींना निम्मंच कळे. त्या नुसत्या गावांच्या नावांना कान देऊन बसत. त्यांच्या गावाचं नाव येतच नव्हतं.

बुधवारी पार्सल आलं. मृणालिनी हरखली. मावशींनी शिक्का पाहिला. भूकंपाच्या आधीचा होता. माळ खिळ्याला टांगून त्या पुन्हा रेडिओपाशी बसल्या.

चार दिवस बाईच्या पोटात कॉफीशिवाय काही नाही. मृणालिनीला राहवेना. गुरुवारी तिने गरम वरणभात वाढला, वर तूप घातलं आणि ताट झाकून खाली नेलं.

ताट पाहताच मावशी ताडकन उठल्या.

"कोणी सांगितलं तुला?"

"काय मावशी?"

"फिलोमेना गेली. तुला कळलंय. खरं सांग!"

"नाही हो! तुम्ही जेवला नाहीत म्हणून..."

"आमच्यात शेजारीण ताट कधी आणते ठाऊक आहे? घरात कुणी मेलं की! चूल बंद असते तेव्हा!"

मृणालिनीला आठवलं. आपल्यातही तेच की! आजोबा गेले तेव्हा शेजारून पिठलंभात आला होता. एवढं कसं सुचलं नाही? देवा, ते अभद्र मीच तर दारात आणलं नाही ना?

तिने ताट जिन्यात नेऊन ठेवलं.

"तुम्ही गॅस पेटवा मावशी. चूल पेटली की ते ताट लागू होत नाही."

म्हणाली खरी, पण हे कुठल्या पोथीत आहे ते तिलाही माहीत नव्हतं.

मावशींनी काडी ओढली. तेल तापलं. माळेतली एक मिरची काढून हातात धरली.

"काळी पडली तर?" मृणालिनीने हळूच विचारलं.

"बोलू नकोस!"

मिरची तेलात पडली आणि फोन वाजला. दोघीही हलेनात. चौथ्या घंटीला मावशींनी उचलला. कुणी पुरुष शुद्ध इटालियनमध्ये काहीतरी सांगत होता. मावशी नुसतं "सी, सी" म्हणत मान डोलावत होत्या. मग तेही थांबलं. मृणालिनीने त्या कुत्र्यावाल्या देवाकडे पाहिलं.

आणि मावशी एकदम ओरडायलाच लागल्या. गावच्या बोलीत, तोंडाचा पट्टा सोडून, माळेकडे बोट नाचवत. हे असं भांडण मेलेल्या माणसाबद्दल कुणी करत नाही.

"फिलोमेनाच बोलली. तंबूत राहतेय," मावशी रिसीव्हर ठेवून रडत म्हणाल्या. "अंगावरच्या कपड्यानिशी. आणि विचारतेय काय, तर मिरच्या पोचल्या का! मी म्हटलं, अगं, मोजे तरी धुऊन पाठवायचे!"

तेलातल्या मिरचीचा कोळसा झाला होता. मावशींनी तीच काढली, मीठ भुरभुरलं आणि अर्धी मोडून मृणालिनीच्या हातावर ठेवली.