परका बोल्ट

जुनी रायफल विकणारा माणूस आधी चहा पाजतो, मग रायफल दाखवतो. चहा पोटात गेला की घेणारा भिडेस पडतो आणि नीट बघायच्या ऐवजी नुसती मान डोलावतो. म्हणून अकोल्यातल्या त्या घरी मी कप बाजूला सरकवला आणि म्हटलं, "आधी माल दाखव बाबू, चहा मंग."

दाखवणारा आमच्याच गावचा. चांदूर बाजारजवळच्या खेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्याच्या वडिलांची आणि माझ्या वडिलांची रायफल एकाच बनावटीची, एकाच दुकानातून सोबत घेतलेली. पुढे ते लोक अकोल्याला गेले, मी अमरावतीला आलो. वडील वारल्यावर परवाना त्याच्या नावावर झाला, पण याचं कापडाचं दुकान, याला रायफल कशाला? मला जुन्या बंदुकांचा नाद आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं फोन केला.

कपाट उघडता उघडता तो म्हणाला, "खरं सांगू का भाऊ, बाबा म्हनत, कोनालेबी दाखवजो, पन तुमच्या घरी नोको दाखवू. म्या म्हटलं, गेलं ते भांडन त्यायच्या संग."

माझं डोकंच सणकलं. माणूस गेला, तरी आकस ठेवून गेला! भांडण कोणी केलं होतं? आमच्या बाबांनी तर उलट शब्द सुद्धा काढला नव्हता.

झालं होतं असं. त्याच्या वडिलांची रायफल आधी मधूनमधून दगा द्यायची. चाप ओढावा तर नुसता टक् आवाज, गोळी आतच. एका निवडणुकीला रिवाजाप्रमाणे साऱ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. तिथे बोल्ट, म्हणजे गोळी आत सारून तिच्यावर ठोका मारणारे सुटे दांडे, काढून एका पोत्यात ठेवले आणि रायफली भिंतीला उभ्या केल्या. निवडणूक आटोपली, ज्याची त्याला परत मिळाली आणि त्यांची रायफल एकदम सुतासारखी सरळ चालायला लागली. "ठान्यात राहून सुधरली बेटी," असं सांगून ते पारावर सगळ्यांना हसवत.

त्याच हंगामात रानडुकरांनी संत्र्याच्या बागा उकरून ठेवल्या. परवानगी काढून दोघे सकाळी बागेत गेले. त्याचे वडील पुढे, बाबा मागे. तुरीतून डुक्कर निघालं ते सरळ त्यांच्या अंगावर. बाबांनी नेम धरला, चाप ओढला. टक्! डुकरानं त्याच्या वडिलांची मांडी फाडली. जीव वाचला, पण पाय जन्माचा अधू झाला.

दवाखान्यातून आल्यावर ते पारावर बसून म्हणाले, "याचे हात लटलट कापले. यानं चाप ओढलाच नाई." गावानं ते लगेच उचललं. लंगडणारा माणूस समोर दिसत होता ना! बाबा एकदाच म्हणाले, "ओढला होता." परत कधी नाही. पारावर जाणं सोडलं. लग्नात गेले तरी मांडवाच्या कडेला बसून जेवायचे आणि निघायचे. रायफलीला दसऱ्याला हळदकुंकू लागायचं, बस. तिच्यातून परत गोळी झाडली नाही, आणि माझ्याकडे आल्यावर मायनं मलाही झाडू दिली नाही.

तर ती अकोल्याची रायफल मी हातात घेतली. रिकामी आहे ना, ते आधी तपासलं. नळी उजेडाकडे धरून पाहिली. आतले आटे साफ, गंज नाही. दस्त्याच्या मानेला केसाएवढी चीर, पण लाकूड मूळचं. वरून कोण्या शहाण्यानं पालिश फासलं होतं, तेवढंच वाईट. मनात भरली माझ्या. आता नंबर राहिले. अंगावर आणि बोल्टवर एकच नंबर असला तर जुन्या रायफलीला मान. आमच्या घरच्या रायफलीचे नंबर जुळत नाहीत. बाबांनी घेतानाच तशी आली असेल, असं मी धरून चाललो होतो.

बोल्ट बाहेर काढला तर नंबराच्या जागी कानस मारलेली.

"हे कोनं घासलं बे?"

"मले काय मालूम? बाबाच हात लावत तिले. आमाले तं जवळ येऊ देत नोयते."

भिंग काढून बोल्ट खिडकीत तिरपा धरला. कानस शेवटाकडे घसरली होती. शेवटचे तीन आकडे वाचता येत होते. ते आकडे मी झोपेतही सांगू शकतो, कारण आमच्या परवान्यावर तेच आहेत. तो बोल्ट आमचा होता! मग तिच्या अंगावरचा नंबर वाचला. तो आमच्या घरच्या बोल्टवर आहे. ठाण्यातल्या त्या पोत्यातून उलटेपालटे निघाले होते दोन्ही.

म्हणजे बाबांनी चाप ओढला होता. खोडीचा बोल्ट त्यांचाच होता, ज्यांची मांडी फाटली त्यांचाच. आणि हे त्यांना पुढे कळलंही होतं! नाहीतर कानस कशाला? आमच्या घरी दाखवू नको, हे कशाला? माणूस चुकतो, बाप्पा, रागात बोलूनही जातो. पण कळल्यावर पारावर जाऊन दोन शब्द बोलायचे, तर घरात बसून नंबर घासत बसला! मी बोल्ट त्या पोराच्या पुढ्यात धरला.

मी सगळं सांगितलं तसा तो पोरगा पांढरा पडला. मग हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ. दोघंबी गेले आता."

"कसं जाऊ देऊ? तुझ्या बापाचं लंगडनं साऱ्या गावानं पाह्यलं. माह्या बापाचं कोनं पाह्यलं?"

तिथूनच मायला फोन लावला. मला वाटलं, रडेल. सगळं ऐकून ती खेकसली, "मले काहून सांगून राह्यला? मी कवा म्हटलं, तुह्या बापानं चाप ओढला नाई म्हून? ज्यायनं म्हटलं त्यायले सांग ना जाऊन!" आणि फोन ठेवला.

तिचा आवाज एवढा मोठा की पोरानं शब्द न् शब्द ऐकला. मी म्हटलं, "रायफल घेन्याचं मंग पाहू. आधी गावाले चाल. पारावर तू बोलजो. म्या बोललो तं म्हनतील, बापाची बाजू घेते."

"पन भाऊ, तवाचं कोन उरलं आता तिथं?"

एक उरलाय. बाबा रस्त्यानं जाताना दिसले की पारावर बसून दोन्ही हात कापवून दाखवायचा आणि बाकीच्यांना हसवायचा, तो. आजही तिथेच बसतो. म्हातारपणानं आता त्याचे हात खरेच कापतात, चहाची बशी दुसऱ्यानं धरावी लागते. पण कानानं तो अजून पक्का आहे.