निर्धाराचं पत्रक आणि ढोलकीवाले काका

ढोलकी मांडीवर घेतली की काका आधी दोन्ही तळवे वर करायचे, हात धुतलेत हे आईला दाखवणाऱ्या पोरासारखे. मग गावदेवीला हळूच सांगायचे, "माज्या हातान काय नाय, बाय. तूच बग." आणि असा ठेका धरायचे की हातात काही नाही, यावर कोणाचाही विश्वास बसू नये.

बाळकुमला राहत असाल तर एखाद्या हळदीत तुम्हीही त्यांना ऐकलं असेल. आमच्या टॉवरच्या वरच्या मजल्यांपर्यंत तो ठेका यायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू व्हायच्या. मी मात्र खाली उतरायचो. आमच्या व्यसनमुक्तीच्या पथनाट्याला ढोलकी तेच वाजवत, चहाच्या बोलीवर. एके काळी ते इतके प्यायचे की वरातीत घोड्याबरोबर त्यांनाही धरून चालवावं लागे. हे त्यांनीच सांगितलेलं. आता सोडली होती.

पत्रकं मी लिहायचो. 'निर्धार करा, दारू हरेल' हा मथळा माझा. काकांनी चष्मा लावून तो वाचला.

"निर्धार कोनी करायचा?"

"पिणाऱ्याने, काका. माणसात ताकद असते."

"माज्यात व्हती ना. नारळावर हात ठेवून सोडली, पोरीची शपथ घेऊन सोडली. मीच सोडायची, मीच धरायची. मंग एक दिवस देवीला बोल्लो, मना जमत नाय, तू सोडव. तवापासून सुटलीय."

"म्हणजे सोडलीत तुम्हीच. श्रेय देवीला कशाला?"

"बरा. उद्या परत धरली तर नाव तुजा लावीन."

मी चिडायचो. देवावर भार टाकणं ही पळवाट आहे, असं मी चौकाचौकात बोललोय. पुष्कळ बाबतींत अजूनही बोलेन.

मग त्यांच्या मुलीची हळद ठरली. त्यांच्याकडच्या हळदीत यजमानाने पाहुण्यांबरोबर घोट घेतला नाही तर पाहुणे रुसतात. मुलीने बापाकडे एकच मागितलं होतं, "बाबा, मना हळद लावशील तवा शुद्धीत ऱ्हा."

मी म्हणालो, "काका, मी तुमच्या बाजूलाच उभा राहतो. हलणार नाही."

"ऱ्हा. पन किती येळ ऱ्हाशील?"

जेवायलाही गेलो नाही. पण डीजे लागला, नवरीच्या मावश्यांनी मला खेचून नाचायला नेलं, आणि सुटून आलो तर काका गायब.

मागच्या गल्लीत गावदेवीच्या पायरीवर बसले होते. शर्टाला दारूचा भपकारा. माझं डोकंच फिरलं.

"आता पोरीला काय सांगू मी?"

"सांग, बाबा देवीशी भांडतोय." त्यांनी माझ्या तोंडावर फुंकर मारली. सुक्या बोंबलाचा वास आला. फक्त बोंबलाचा.

"मेवन्याने गलास हातान दिला," ते म्हणाले. "ओठापरत नेला रे मी. तुजा निर्धार शोधला, गावला नाय. मंग गलास घेऊनच हितं धावत आलो. बोल्लो, बाय, हात माजा ऐकत नाय, तू धर. असा थरथरला का अर्धी शर्टावर, अर्धी पायरीवर."

"मी बाजूला असतो तर..."

"तू नाचत व्हतास." ते हसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "शर्ट काढ तुजा. ह्या वासाने पोरीला कशी हळद लावू? देवीनेच धाडला तुला, शर्टासाठी."

मी बनियनवर उभा राहिलो. माझा शर्ट घालून काका मांडवात गेले आणि मुलीच्या दोन्ही गालांना हळद लावली. ती बापाच्या तोंडाजवळ वाकली, वास घेतला, आणि मग रडली.

गेल्या थंडीत काका गेले. तापाने. दहाव्याला खाडीवर पिंड मांडला, तर कावळा येईना. त्यांच्या जुन्या मित्राने मोठ्या प्रेमाने पिशवीतून एक क्वार्टर काढली आणि भाताशेजारी ठेवली. "इच्छा ऱ्हायली असेल रे त्याची," म्हणाला.

काकू पुढे आल्या. "उचल ती. सुका गेलाय माजा मानूस. सुकाच ऱ्हाऊ दे."

मित्राने बाटली उचलली. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. तरी सगळ्यांबरोबर मीही वर बघत उभा होतो.