दोधूभाऊंचे न होणारे गुन्हे

पडदा वर जातो. मागे तापीचे पात्र, हिवाळ्यातले, संथ. पुढे सारंगखेड्याची जत्रा. काठाने घोडेच घोडे, काळे, पांढरे, अबलख, आणि त्यांच्या टापांनी उडालेल्या धुळीतून तिरपे उतरणारे सकाळचे ऊन. डावीकडे आमच्या नाटक कंपनीची कनात, उजवीकडे जिलेबीची कढई. आणि मधोमध, एका पांढऱ्या घोड्याच्या पोटाखाली, एक गृहस्थ उताणे पडलेले. धोतर परीटघडीचे, कोट काळा, टोपी काढून छातीवर ठेवलेली.

मी घाबरून धावलो. "अहो, लागलं का कुठे?"

"गप बसा. मी मेलोय," ते गृहस्थ डोळे न हलवता म्हणाले. "मेलेल्या माणसाला इथून मारेकऱ्याचे जोडे दिसतील का, ते पाहतोय."

घोड्याचा मालक सलाउद्दीन शेजारी विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "जाने दो, बाबूजी. ये हर साल मरते हैं."

दोधूभाऊ पाटलांची आणि माझी ओळख अशी झाली. मी त्या काळी कंपनीत नायिकेची कामे करत असे. हे कळल्यावर त्यांनी उठून कोट झटकला, मला लवून मुजरा केला आणि म्हणाले, "राणीसाहेब, जिलेबी खाणार?" त्या दिवसापासून मी त्यांचा राणीसाहेब झालो, तो कायमचा.

तापीकाठच्या एका गावात त्यांचे घर. जमीन चांगली, काळी. थोरले भाऊ सुपडूनाना ती कसत. धाकट्या दोधूला त्यांनी शिकायला नंदुरबारला ठेवले ते कारकून होईल म्हणून. तो परत आला गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्यांचे वेड घेऊन. वाचून वाचून संपल्या तेव्हा स्वतः लिहू लागला. ज्वारी राखायला मळ्यातल्या माळ्यावर बसवले, तर एका हातात गोफण आणि दुसऱ्या हातात टाक. गोफण बहुतेक वेळा मांडीवरच असे. खालून सुपडूनाना ओरडत, "पाखरे दाना खाई गयात, नि तू बठा बठा मानसे मारी ऱ्हायना!"

पहिल्या दोन कादंबऱ्या मुंबईत घडत होत्या. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती. त्यामुळे खुनी मलबार टेकडीवरून धावत सुटे तो थेट बोरीबंदरच्या मागे वाहणाऱ्या नदीत उडी टाकी, आणि त्या नदीला काठावर वांग्याचे मळे असत. "मोठ्या गावाला नदी नसेल असं माझ्या मनातच आलं नाही," ते मला हसत हसत सांगत. पुण्याचा छापणारा भला माणूस होता. त्याने कळवले की नदी उचला आणि तुमच्या गावी परत न्या. तेव्हापासून दोधूभाऊंचे सगळे खून खानदेशात होऊ लागले, आणि ते वाचकांना आवडले.

मग ते प्रवास करू लागले. जिथे खून करायचा ती जागा आधी पायाखालून घालायची, असा त्यांचा नेम. तट्टावर बसून अक्कलकुव्याच्या बाजाराला जात, डोंगरातून उतरणाऱ्या वाटा कुठे एकत्र होतात ते पाहून येत. आगगाडीने सुरतेला जात, ते फक्त दोन डब्यांच्या मधून माणूस निसटू शकतो का ते बघायला. नवापूरच्या स्टेशनाबाहेर ते असेच प्रेत होऊन पडले असताना एका हमालाने आरोळी ठोकली आणि अर्धे गाव जमले. दोधूभाऊ उठून बसले तेव्हा त्यातले निम्मे पळाले.

दुसरा छंद कुलपांचा. किल्ली हरवलेली जुनी कुलपे ते मोडीतून विकत आणत आणि तारेने उघडत बसत. ओसरीची एक भिंत कुलपांनी भरली होती. त्यांच्या पत्नी गजराबाई पाहुण्यांना पाणी देताना भिंतीकडे बोट करून म्हणत, "आमना घरमा चोरले काय सापडी? कुलपंच!"

एका गोष्टीवरून मात्र जाणते लोक त्यांची टर उडवत. नंदुरबारचे एक वैद्य चारचौघांत म्हणाले होते, "दोधू पाटलाच्या पुस्तकातल्या विषानं उंदीरसुद्धा मरणार नाही. ढेकर देऊन निघून जाईल." दोधूभाऊ तिथेच बसले होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

आता दुसरा अंक.

'बुडालेला चांद' ही त्यांची कादंबरी निघाली आणि गावोगावच्या चावड्यांवर वाचली गेली. तिच्यात भर जत्रेतून एक काळी घोडी चोरीला जाते. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका असतो. घोडेवाले त्याला चांद म्हणतात. चोर हिरडा आणि हिराकस कालवून तो चांद काळा करतो, आयाळ कापतो, आणि घोडी त्याच जत्रेत उजळ माथ्याने विकतो. लोकांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी जत्रा भरली आणि सलाउद्दीनची नवी काळी घोडी खुंट्यावरून नाहीशी झाली.

ती त्याने काठेवाडातून नुकतीच आणली होती. घरातले दागिने त्यात गेले होते. घोडीला अजून त्याच्या हाताची सवय नव्हती, ना त्याला तिची. पंचांपुढे सांगण्यासारखी खूण एकच, कपाळावरचा चांद. तसा चांद असलेली काळी घोडी जत्रेत कुठेच नव्हती. बिनचांदाच्या मात्र खंडीभर होत्या. उगाच एखाद्याच्या घोडीला हात लावून चोर ठरवावे, तर डोकी फुटली असती.

सगळ्यांची बोटे दोधूभाऊंकडे वळली. "यानीच शिकाडं!" जत्रेचे पंच चुडामण पाटील यांनी सुपडूनानांना बोलावून घेतले. सुपडूनाना मानी माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकले, "जत्रा उठाना पहिले घोडी सापडनी नही, तर मन्हा भाऊ आते टाक हातमा धराव नही. दत्तानी आन शे!"

दोधूभाऊ आमच्या कनातीत आले ते असे, की मला वाटले आता हा माणूस खरोखरच आडवा होईल. मोठ्या भावाची शपथ त्यांनी आयुष्यात कधी मोडली नव्हती.

"राणीसाहेब," ते म्हणाले, "लिहिणं गेलं तर मी फक्त वाईट राखण्या उरेन."

मी म्हटले, "चूक तुमची कशी? तुम्ही काय चोराला हात धरून शिकवलं?"

ते माझ्याजवळ सरकले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "शिकवलं, पण पुरतं नाही. माझ्या प्रत्येक पुस्तकात मी एक वस्तू कमी लिहितो. विष असो, कुलूप असो, रंग असो. वाचून कोणी करायला गेला तर फसला पाहिजे. त्या काळ्या रंगात आणखी एक वस्तू लागते, ती मी लिहिलेली नाही. तिच्याशिवाय तो रंग पाण्याला टिकतो, आंबटाला टिकत नाही. लिंबू चोळलं की उतरतो."

"मग सांगा ना पंचांना!"

"सांगितलं की चोराच्या कानावर जाईल आणि घोडी रातोरात नदीपार होईल. आणि सगळ्यांच्या घोड्यांना मी लिंबू कसं चोळू? मला कोण जवळ येऊ देईल?"

बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. नाटकवाल्या माणसाला ती नजर कळते. कोणीतरी भूमिका वाटत असतो.

घोडेबाजारात सौद्याच्या आधी घोड्याची दृष्ट काढतात. लिंबू उतरवणारी म्हातारी समोर आली तर तिला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हटले तर सौद्याला अपशकुन. दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रेला आलेल्या गजराबाईंनी आपले एक जुने लुगडे मला नेसवले, कपाळभर मळवट भरला, आणि टोपलीभर लिंबे हातात दिली. मी सराव म्हणून अहिराणीत दोन शब्द बोललो. दोधूभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही बोलू नका. नुसतं पुटपुटा. तुमची अहिराणी ऐकली तर घोडेसुद्धा हसतील."

गजराबाई म्हणाल्या, "नि इतलं ठुमकी ठुमकी चालू नका, बाई. म्हातारी शेस तुम्ही, नवरी नहीत!"

निघालो. घोड्याभोवती लिंबू ओवाळायचे, कापायचे आणि अर्धी फोड कपाळावर चोळायची. लोक हात जोडत, कोणी टोपलीत मूठभर ज्वारी टाकी. एक ओळ झाली, दुसरी झाली. काळ्या घोड्या काळ्याच राहिल्या. दोधूभाऊ लांबून ऊस खात येत होते, पण ऊस खाणाऱ्या माणसाच्या तोंडावर इतका घाम नसतो. एका वळणावर ते जवळून गेले आणि कुजबुजले, "राणीसाहेब, एक सांगायचं राहिलं. लिंबाचं मी एका रंगाऱ्याच्या तोंडून ऐकलंय. स्वतः कधी करून पाहिलेलं नाही."

मी लुगड्यातच गारठलो.

बाभळीखालची शेवटची ओळ उरली होती. तिथे एक परगावचा दलाल काळी घोडी घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळायच्या आत त्यानेच हाक मारली, "ए आजी, आधी इकडे ये. माझ्या घोडीलाही उतरव. सकाळपासून एक गिऱ्हाईक ठरत नाही!"

मी ओवाळले, कापले, चोळले. माझा अंगठा करडा झाला. मग घोडीच्या कपाळावरून शाईसारखा ओघळ नाकाकडे उतरला. पुन्हा चोळले. आणि सांगतो तुम्हाला, मी रंगभूमीवर पुष्कळ चमत्कार पाहिले, दोरीने ओढलेले सूर्य पाहिले, पण तसा चंद्रोदय पुन्हा पाहिला नाही. लोक जमले. सलाउद्दीन गर्दी फोडून आला आणि घोडीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडू लागला.

दलाल पळाला नाही. तो इतका चकित झाला होता की पळायचे विसरला. गर्दीत त्याला दोधूभाऊ दिसले, तसा तो त्यांच्यावरच ओरडला, "पुस्तकात तर लिहिलंय, पाण्यानं जात नाही!"

"नाहीच जात पाण्यानं," दोधूभाऊ म्हणाले.

"मग लिंबाचं का नाही लिहिलं? लोकांचे पैसे घेऊन अर्धवट पुस्तकं छापता?"

दोधूभाऊंनी हात जोडले. "माफ करा, शेठ. माझ्या पुस्तकातला कोणताच गुन्हा पुरता होत नाही."

त्यावर जो हशा उसळला, तसा आमच्या विनोदी नटाला अख्ख्या हंगामात मिळाला नव्हता. दलालालाही हसू आले, असे मला आजही वाटते. सलाउद्दीनने लोकांना दलालाला मारू दिले नाही. "घोड़ी मिल गई, बस," तो म्हणाला. पंचांनी दंड करून सोडून दिले.

चुडामण पाटलांनी नंतर विचारले, "दोधू, लोक तुला अडाणी म्हणत होते. कधी बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर लोक कमी असलेली वस्तू हुडकत बसले असते, पाटील. त्यापेक्षा अडाणी बरा."

आता मात्र गुपित फुटले होते. जो तो विचारू लागला, तिसरी वस्तू कोणती? सुपडूनानांनीही घरी जाताना गाडीत विचारलेच. दोधूभाऊ म्हणाले, "नही सांगाव, दादा. तू सवरेच कोनी तरी घोडी लई येशी." सुपडूनाना हसले. शपथ पुरी झाली होती, घोडी सापडली होती. शपथेच्या दिवशी काढून घेतलेला टाक त्यांनी स्वतः आपल्या खिशातून काढून धाकट्याला परत दिला.

त्यानंतर दोधूभाऊंनी विषे आणि रंग लिहिणेच सोडले. माणूस माणसाला का मारतो, एवढेच लिहू लागले. साधी काठी, साधी विहीर, आणि दोन भावांच्या मनातली अढी. मला विचाराल तर त्यांची चांगली पुस्तके तीच. छापणारा कुरकुरला, वाचक कुरकुरले नाहीत.

बोलपट आले, आमची कंपनी मोडली. लढाईच्या दिवसांत मी नंदुरबारला उतरून, बैलगाडीने धूळ खात त्यांच्या गावी गेलो. दोधूभाऊ ओसरीत खाटेवर होते. उजवा हात अर्धांगवायूने गेला होता, डोळे मात्र तेच, भूमिका वाटणारे. खाटेशी सुपडूनाना बसले होते, पार पिकलेले, नाकावर चष्मा, मांडीवर फळी, हातात टाक. धाकटा सांगत होता, थोरला लिहून घेत होता. मी दाराशीच थांबलो. गोष्टीतला सावकार नुकताच दमणीतून उतरून घरात आला होता, आणि खून काही होत नव्हता.

"दोन पाने व्हई गयात," सुपडूनाना वैतागून म्हणाले, "आजून कोनीच मरं नही! कव्हळ मारशी याले?"

पुढे मी आत गेलो. दोधूभाऊंनी मला ओळखले, डावा हात कपाळाला लावून मुजरा केला आणि हसले. सांगून सांगून आवाज बसला होता, म्हणून माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. पुढच्या जत्रेच्या आधी ते गेले. म्हणून त्यांच्या तोंडचे शेवटचे शब्द माझ्यापाशी आहेत ते मी दाराशी उभा असताना ऐकलेले, थोरल्या भावाला दिलेले उत्तर:

"घाई कसाले, दादा? बिचारा आत्तेच गावथून उना शे. पहिले त्याले चहा तर पिऊ दे."